सायकल आणि न बदलणारा लाल दिवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मी सायकलवर येणाऱ्या मुलामुलींचे रस्ता-सुरक्षेचे तास घेते. तास संपला की पोरं घोळका करतात आणि संध्याकाळी त्यांच्या घरून फोन येतात. त्यातले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. तालुक्याच्या गावी एकच सिग्नल असतो, तोही धड चालत नाही, आणि सायकलवर बसलेल्या पोराला कळत नाही की थांबायचं की निघायचं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, खेड्यातल्या मुली शाळेत पोचू लागल्या, ही फार मोठी गोष्ट झाली. पण चौकात काय करायचं हे सायकलीसोबत कुणी दिलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत. कायद्याच्या कलमांचे आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण साहेबांसमोर बोलताना ते उपयोगी पडतात.

१. सायकलीले लायसन लागत नाही, नंबर नाही. मंग लाल लाईटवर थांबाचं काहून?

थांबायचंच. आडव्या रस्त्यावर ज्याला हिरवा मिळाला आहे तो ट्रकवाला तुम्ही थांबलेले आहात असं धरूनच वेग ठेवतो. सिग्नल हा तुम्हा दोघांमधला करार आहे, आणि तो मोडला तर मार सायकलवाल्यालाच बसतो. लायसन्स नसणं आणि नियम नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा नेमका काय म्हणतो ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. सिग्नल अडकला आहे हे ओळखायचं कसं? किती वेळ थांबू?

आपल्या छोट्या गावांतले जवळपास सगळे सिग्नल घड्याळावर चालतात. खांबाजवळ एक पेटी असते. कोणत्या बाजूला किती सेकंद हिरवा हे तिच्यात भरून ठेवलेलं असतं आणि चौकात कुणी असो-नसो, ती आपली फेरी पूर्ण करत राहते. त्यामुळे ‘सायकल हलकी आहे म्हणून सिग्नलला कळत नाही’ हा समज इथे चालत नाही. तो कुठून आला ते प्रश्न ११ मध्ये सांगते.

एक फेरी साधारण एक ते दोन मिनिटांची असते. शाळेला उशीर होत असला की तेवढी दोन मिनिटंही दहा वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नका. सेकंद मोजण्यापेक्षा बाजू मोजा. चार रस्त्यांच्या चौकात समोरची वाहनं सुटली, मग डावीकडची, मग उजवीकडची, आणि तुमची पाळी न येता पुन्हा समोरची सुटली, तर शंका घ्या. आणखी एक फेरी थांबा. दुसऱ्यांदाही तुमची बाजू वगळली गेली, तर सिग्नल बिघडला आहे.

अजून तीन खुणा आहेत. आकडे उलटे मोजणारी पाटी एकाच आकड्यावर गोठलेली असते. किंवा सगळ्याच बाजूंना लाल असतो आणि सगळेच हॉर्न वाजवत असतात. तिसरी खूण फसवी आहे: तुमचा लाल विझतो, काही सेकंद काहीच पेटत नाही, आणि पुन्हा लाल लागतो. तिथे सिग्नल अडकलेला नसतो, तुमच्या बाजूचा हिरवा दिवा जळालेला असतो. पाळी तुमचीच असते, पण समोरच्याला ते माहीत नसतं. अशा वेळी प्रश्न ४ मधल्या पद्धतीनेच जा.

३. सायकलीवर मोटार वाहन कायदा लागते का? एक जण म्हणते लागते, दुसरा म्हणते नाही लागत.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येत यंत्राच्या जोरावर चालणारं वाहन येतं, पायाने चालणारी सायकल येत नाही. सिग्नल पाळण्याचं कलम ११९ ‘मोटार वाहनाच्या चालका’ला उद्देशून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं कलम १८४ खाली धोकादायक चालवणं धरलं जातं आणि पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तेही मोटार वाहन चालवणाऱ्याला. सायकलवाला या दोन्ही कलमांत बसत नाही.

इथवर वाचून पोरं खूश होतात. पण पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याच्या कलम ३३ खाली रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या वाहतुकीसाठी नियम करता येतात. त्यात चालणारे, गाडी हाकणारे, गुरं नेणारे आणि सायकल चालवणारे असे सगळे आहेत. या कायद्यातल्या ‘वाहन’ शब्दात सायकल स्पष्ट लिहिलेली आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियमही त्याच्या कलम ९९ मध्ये आहे, म्हणजे उलट दिशेने येणारा सायकलवालाही त्यात सापडतो.

आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागतं. लोकांच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भर वर्दळीत लाल दिव्यातून सायकल घुसवणं यात येऊ शकतं. अडकलेल्या सिग्नलवर सायकलवाल्याने किती सेकंदांनी निघावं याचा मात्र आपल्या कायद्यात स्वतंत्र नियम नाही. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

४. मग अडकलेल्या सिग्नलवर नेमकं करायचं काय?

उतरा. सायकल हातात धरा आणि चालत रस्ता ओलांडा. मी मुलांना हे एकच वाक्य पाठ करायला लावते: दिवा बदलत नसेल तर पाय जमिनीवर.

उतरल्यावर डाव्या कडेला या, जेब्रा पट्टे असतील तर तिथून जा. एका वेळी एकच बाजू ओलांडायची. दुभाजक असेल तर तिथे थांबून, मान वळवून, दुसरी बाजू बघून मगच पुढे. तिरपं जाऊ नका. उजवीकडे वळायचं असेल तर आधी समोरचा रस्ता, मग बाजूचा, असं दोन तुकड्यांत.

किती अंतरावरची गाडी ‘लांब’ म्हणायची, हे मुलांना शब्दांनी कळत नाही, म्हणून हिशेब करून दाखवते. दोन पदरी रस्ता सुमारे सात मीटर रुंद असतो. सायकल घेऊन चालणाऱ्याला तो ओलांडायला सहा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्या वेळात शंभर मीटर येतो, आणि ८० ने येणारा एकशे तीसच्या वर. शाळेच्या मैदानावरची शंभर मीटरची शर्यत आठवा. तेवढं अंतर आणि वर अर्धं, इतक्या टप्प्यात काहीही येत असेल तर पाऊल टाकायचं नाही. कॅरिअरवर गव्हाचं पोतं किंवा चाऱ्याची पेंढी बांधलेली असेल तर चाल आणखी मंदावते, ते धरून चला.

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत आपल्याकडे कापसाच्या गाड्या धावतात. कापूस गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेला असतो. अशी गाडी चौकात उभी असली की तिच्या पलीकडून काय येतंय ते ना तुम्हाला दिसतं, ना पलीकडच्याला तुम्ही. तिच्या पुढून वाकून बघत निघू नका. ती हलेपर्यंत थांबा. माझ्या एका विद्यार्थिनीचा पाय अशाच एका सकाळी, अशाच एका गाडीपुढून निघताना मोडला. दिवा तिच्या बाजूने महिनाभर लालच होता आणि रोज ती तशीच जात होती. ती आता बरी आहे, पण तिचं ते वर्ष गेलं.

५. उतरून चालत गेलो तरी दिवा लालच असतो की. मग तो सिग्नल तोडणं नाही का?

सायकल हातात धरून चालता तेव्हा तुम्ही वाहन चालवत नसता, पायी चालत असता. वाहनांसाठीचा गोल लाल दिवा वाहनांना थांबवतो. पायी चालणाऱ्याने रस्ता मोकळा बघून ओलांडायचा असतो. दोन अपवाद लक्षात ठेवा. चौकात माणसाच्या चित्राचा वेगळा दिवा असेल आणि तो नीट चालत असेल, तर चालणाऱ्यालाही तोच दिवा बांधील. आणि पोलीस उभा असेल तर त्याचा हात सगळ्यांच्या वर (प्रश्न ८). एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलत जाणं हे चालणं नव्हे.

६. लाईन गेली, सिग्नल पूर्ण बंद. मग?

मग तो बिनसिग्नलचा चौक समजायचा. मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी. हा नियम मोटारींसाठी लिहिलेला आहे, पण चौकात सगळ्यांनी एकच रीत धरली तरच ती चालते. सायकल चालवत जायला हरकत नाही, मात्र आधी एक पाय टेकवून पूर्ण थांबा. अंधार असेल किंवा महामार्ग असेल तर प्रश्न ४ प्रमाणे उतरूनच.

७. रात्री पिवळा लुकलुकत राहतो. कधी कधी लाल पण लुकलुकतो. दोन्हीत फरक काय?

लुकलुकणारा पिवळा म्हणजे हळू व्हा, बघा, जा. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा, बघा, रस्ता मोकळा असेल तर जा. दोन्ही बिघाड नाहीत. वर्दळ कमी झाली की सिग्नल मुद्दाम तसा ठेवतात. ज्या बाजूला पिवळा लुकलुकतो ती बाजू सहसा थांबत नाही, हे लाल बाजूच्या सायकलवाल्याने विसरू नये.

८. पोलीसदादा हातानं बोलावतात, दिवा मात्र लाल. कुणाचं ऐकू?

पोलिसाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३६ खाली रस्त्यावर दिलेली सूचना सगळ्यांनाच पाळावी लागते, त्यात सायकलवालाही आला. फक्त तो हात तुम्हालाच आहे ना, हे डोळ्यात बघून खात्री करा. मागच्या बसला दिलेला इशारा आपल्याला समजून निघालेली मुलं मी पाहिली आहेत.

९. डावीकडं वळायला लाल दिवा लागतच नाही, बरोबर ना?

सरसकट नाही. डावीकडचा हिरवा बाण असेल किंवा डावं वळण मोकळं असल्याचा फलक असेल तरच. नसेल तर लाल म्हणजे तिन्ही दिशांना लाल. घाई असेल तर उतरून कडेकडेने वळा.

१०. भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिथे सायकलला लाल दिव्यातून जाता येतं. खरं का?

काही राज्यांत, अटींसह. आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वारांना वेगळा नियम केला. आज तिथे ‘थांबा’ची पाटी असली तर सायकलवाला हळू होऊन, वाट मोकळी असेल तर न थांबता जाऊ शकतो, आणि लाल दिव्यावर पूर्ण थांबून, इतरांना वाट देऊन मग निघू शकतो. डेलावेअर राज्याने २०१७ मध्ये फक्त पाटीपुरती अशी सवलत दिली.

बिघडलेल्या किंवा सायकल न ओळखणाऱ्या सिग्नलसाठीची सवलत याहून वेगळी आहे. व्हर्जिनियात मोटारसायकल, मोपेड किंवा सायकलवर असलेल्याने सिग्नलच्या दोन पूर्ण फेऱ्या किंवा दोन मिनिटं, यातलं जे कमी असेल तेवढं थांबायचं आणि मग इतरांना वाट देत सावकाश निघायचं. विस्कॉन्सिनमध्ये ही मुदत ४५ सेकंदांची आहे. सगळ्या राज्यांत असं नाही, त्यामुळे भाच्याने आपल्या राज्याचा कायदा बघावा.

आपल्याकडे यातलं काहीही लागू नाही. प्रश्न २ मध्ये दोन फेऱ्या थांबायला सांगितलं आहे ते सिग्नल ओळखण्यासाठी, निघण्याचा परवाना म्हणून नव्हे.

११. तिथे रस्त्यात तार पुरलेली असते आणि ती सायकलचं वजन ओळखत नाही म्हणतात. हे काय प्रकरण आहे?

तार असते, पण वजनाचा संबंध नाही. चौकाच्या तोंडाशी डांबरात चौकोनी किंवा गोल खाच कापून तिच्यात तारेचे वेढे बसवतात आणि वरून डांबरी मसाल्याने बुजवतात. तारेतून सतत बारीक प्रवाह वाहतो. वर धातूची मोठी वस्तू आली की त्या वेढ्याचा विद्युत गुण किंचित बदलतो, पेटीला ते कळतं आणि ती त्या बाजूला हिरवा देते. मोटारीचा पत्रा मोठा म्हणून लगेच कळतं. सायकलीत धातू थोडा, म्हणून कधी कळतच नाही आणि सायकलवाला लाल दिव्यासमोर उभाच राहतो.

उपाय सोपा आहे. चौकोनाच्या मधोमध उभं राहू नये, बुजवलेल्या खाचेच्या रेषेवर दोन्ही चाकं येतील असं उभं राहावं. तारेच्या अगदी वर चाकाची रिम आली की ओळख पटण्याची शक्यता वाढते. रिम ॲल्युमिनियमची असली तरी चालते. मोठ्या शहरांत हल्ली कॅमेऱ्याने वाहनं ओळखणारे सिग्नलही असतात, तिथे थांब्याच्या रेषेमागे, सगळ्यांना दिसेल असं उभं राहणं पुरतं.

१२. पकडलं तर चालान किती? सायकल जमा करतात का?

कॅमेऱ्याचं ई-चालान गाडीच्या नंबरवर निघतं. सायकलीला नंबर नाही, म्हणून ते येणार नाही. वाहन अडकवून ठेवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम २०७ सुद्धा मोटार वाहनांसाठी आहे. कारवाई झालीच तर प्रश्न ३ मधल्या पोलीस अधिनियमाखाली किंवा न्याय संहितेखाली होईल. जागेवर पैसे मागितले तर कोणत्या कलमाखाली ते विचारा आणि पावती घ्या. नम्रपणे विचारा, पण विचारा.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट असली की शिपाई चाकातली हवा सोडायचा. ते दिवस गेले. रात्रीचा दिवा मात्र आजही लावा. मागचा लाल रिफ्लेक्टर धुळीने झाकला असेल तर पुसा, त्याला पैसे लागत नाहीत.

१३. लाल दिव्यात गेलो आणि गाडीने उडवलं. चूक आपली, म्हणजे भरपाई नाहीच ना?

असं धरून घरी बसू नका. खेड्यातली कितीतरी कुटुंबं इथेच हक्क सोडून देतात.

मोटारीच्या धडकेत जखमी झालेला सायकलवाला त्या गाडीच्या विम्याच्या दृष्टीने ‘तृतीय पक्ष’ असतो, आणि तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक मोटारीला सक्तीचा आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करता येतो. तुमचीही काही चूक ठरली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होत नाही. समजा नुकसान दहा लाखांचं ठरलं आणि तुमची चूक तीस टक्के धरली, तर सात लाख मिळतील. म्हणूनच सिग्नल अडकलेला होता हे दाखवता येणं फार महत्त्वाचं. तारीख-वेळेसह फोटो, दोन फेऱ्यांचा व्हिडिओ, आधी दिलेल्या तक्रारीची पोच (प्रश्न २०), हे सगळं जपून ठेवा.

कलम १६४ चा दुसरा मार्ग आहे. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही: मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. उडवून पळालेली गाडी सापडलीच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ च्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरवी, वर्षश्राद्ध, पेरणी यांत ते सहा महिने निघून जातात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं, तिथे जा.

आणि रस्त्यात पडलेल्याला उचलायला घाबरू नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीसुद्धा त्याच्यावर करता येत नाही.

१४. उलटं झालं तर? माझ्या सायकलीनं कुणा म्हाताऱ्या माणसाला लागलं तर?

न्याय संहितेचं कलम २८१ आहेच, दुखापत झाली तर कलम १२५ सुद्धा लागू शकतं. सायकलीला विमा नसतो, त्यामुळे दवाखान्याचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. असा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात न जाता दिवाणी न्यायालयात जातो.

१५. पोरगी नववीत आहे. तिनं सिग्नल तोडला तर केस आमच्यावर येईल का?

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकांना शिक्षा करणारं कलम १९९अ मोटार वाहनांपुरतं आहे, सायकलीला नाही. पण हाच प्रश्न विचारणारे काही पालक पुढच्याच वर्षी सोळाव्या वर्षीच्या मुलाला मोठी स्कूटी घेऊन देतात. तिथे मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. तोवर सायकलच बरी.

मुलीला रागावण्यापेक्षा एक दिवस तिच्यासोबत त्या चौकात जा आणि प्रश्न ४ तिच्याकडून करून घ्या.

१६. माझी बॅटरीची सायकल आहे. ती सायकल की गाडी?

मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या मर्यादेतली बॅटरी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. तिला वरचं सगळं लागू. बाजारातून किट आणून ४० च्या वेगाने पळणारी केली असेल, तर ती कायद्याच्या नजरेत मोटार वाहन होते, नोंदणी-लायसन्स-हेल्मेटसकट, आणि तुम्हाला प्रश्न १७.

१७. मी मोटारसायकलवाला. अडकलेल्या सिग्नलवर मी पण निघू शकतो का? आणि बंडीवाल्याचं काय?

मोटारसायकलला आपल्या कायद्यात सवलत नाही, कलम ११९ आणि १८४ पूर्ण लागू आहेत. दोन फेऱ्यांचा व्हिडिओ काढा, पोलीस दिसला तर त्याला दाखवा, ११२ ला कळवा. चालान आलंच तर तोच व्हिडिओ हरकतीसोबत जोडता येतो. बैलबंडी सायकलीसारखीच मोटार वाहनात येत नाही, पण पोलीस अधिनियमाच्या कक्षेत येते. बैलांना दोन फेऱ्या उभं ठेवणं सोपं नाही, तेव्हा एकाने खाली उतरून, पुढे उभं राहून वाहनांना हात दाखवावा आणि मगच बंडी काढावी.

१८. आम्ही तीस-चाळीस जण सायकलनं शेगावला जातो. पहिला हिरव्यात निघाला तर बाकीचे मागोमाग निघू शकतात ना?

नाही. तांडा म्हणजे एक वाहन नव्हे. लाल लागला की जो जिथे असेल तो तिथे थांबेल, आणि पुढचे चौक ओलांडून कडेला वाट बघतील. अकोला-खामगाव पट्ट्यात तुम्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ वर असता, तिथली वाहनं चाळीस सायकली संपेपर्यंत थांबत नाहीत. आठ-दहा जणांचे गट करा, प्रत्येक गटामागे झेंडा किंवा दिवा असलेला एक जाणता माणूस ठेवा. आणि समृद्धी महामार्गावर सायकल न्यायचीच नाही, तिथे दुचाकींनाही बंदी आहे.

१९. रेल्वे फाटक अर्धा तास उघडत नाही. तिथे पण उतरून, सायकल वाकवून खालून जाऊ का?

अजिबात नाही. वरची सगळी उत्तरं इथे बाद.

चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या कोळशाच्या मालगाड्या लांब असतात, एक गेली की उलट दिशेची दुसरी येते, आणि फाटक मधे उघडतच नाही. लोकांना वाटतं फाटक अडकलं. पहिल्या गाडीच्या शेपटीआडून दुसरी दिसत नाही, आणि वाकून निघालेला माणूस तिच्यासमोर येतो. भारतीय रेल्वेने ब्रॉडगेजवरची बिनचौकीदार फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, म्हणजे आता प्रत्येक फाटकाला कुणीतरी आहे. त्याला विचारा. फाटकाचा क्रमांक वाचून १३९ वर फोन करा.

कायदाही इथे कडक आहे, आणि तो ‘कोणत्याही व्यक्ती’ला लागतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० खाली बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. खालून घुसणं कलम १४७ खाली अतिक्रमण ठरतं. शकुंतला या छोट्या रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांवरून रोज जाणाऱ्या यवतमाळ-मूर्तिजापूर भागातल्या मुलांना रुळांची भीती उरलेली नाही. त्यांना हे वेगळं सांगावं लागतं.

२०. बिघडलेल्या सिग्नलची तक्रार कुठं करायची? सगळे एकमेकांकडे पाठवतात.

रस्ता कुणाचा, यावर आहे. गावातला रस्ता नगरपरिषद किंवा नगरपंचायतीचा. राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३. जिल्हा वाहतूक शाखेला एक प्रत द्याच, आणि चौकात आत्ता धोका असेल तर ११२.

तोंडी सांगू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: चौकाचं नाव, कोणत्या बाजूचा दिवा, कोणत्या तारखेपासून, रोज किती मुलं जातात. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर टाका.

एका तालुक्याच्या गावी मला तीन कार्यालयांनी सांगितलं की सिग्नल आमचा नाही. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिन्हीकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. तीनच प्रश्न विचारले: सिग्नल कोणी बसवला, देखभालीचा ठेका कुणाकडे आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकाचं उत्तर आलं आणि त्यात ठेकेदाराचं नाव होतं. त्यानंतर दिवा चार दिवसांत लागला. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फीही लागत नाही.

अर्जात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा उल्लेख जरूर करा. रस्त्याची सुरक्षा-मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

२१. माझ्या मुलाला लाल-हिरवा ओळखता येत नाही. त्यानं काय करावं?

रंग सोडा, जागा पाठ करा. उभ्या सिग्नलमध्ये लाल सगळ्यात वर, पिवळा मधे, हिरवा खाली. रात्री खांब दिसत नाही तेव्हा शेजारच्या वाहनांवर नजर ठेवायची, ती सुटली की एक क्षण थांबून निघायचं. एकटा असेल तर प्रश्न ४.

२२. आमच्या फाट्यावर सिग्नलच नाही. बसवून मिळेल का?

मागणी करता येते. पण माझं प्रामाणिक मत, फाट्यावर सिग्नलच्या आधी दुसऱ्या गोष्टी मागा. सिग्नल बसवायला ठरावीक वर्दळ दाखवावी लागते, आणि बसवून वर्षभरात बिघडला तर तो नसलेला बरा. वळणावर वाढलेल्या बाभळी छाटणं, रस्त्यावर आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या, एक मोठा दिवा, ‘पुढे शाळा’चा फलक आणि सायकल घेऊन उभं राहता येईल असा मुरूम टाकलेला कडेचा तुकडा, एवढ्यानेही मुलं सुखरूप ओलांडतात.

मार्ग असा: ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. नुसता ठराव फायलीत पडून राहतो. त्यासोबत मोजणी जोडा. आठवी-नववीच्या दोन मुलांना वही देऊन सलग तीन दिवस सकाळी साडेनऊ ते साडेदहा फाट्याच्या आत, रस्त्यापासून लांब बसवा आणि ओलांडणाऱ्या प्रत्येक सायकलीची एक रेघ मारायला सांगा. ते पान जसंच्या तसं, पेन्सिलीच्या रेघांसकट, अर्जाला लावा. १५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ असेल तर विषय आठवडाभर आधी लेखी स्वरूपात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या आणि त्याचीही पोच घ्या.